कंठरोगाचा एक विरळ उपद्रव आणि प्रतिजैविकांचा विवेक

घसादुखीचा रुग्ण ही आपल्या व्यवसायातील नित्याची बाब होय. ऋतुसंधीच्या काळात तर प्रत्येक चिकित्सालयात दिवसाकाठी चार-दोन रुग्ण तरी घसा धरल्याची, गिळताना टोचल्यासारखे होत असल्याची तक्रार घेऊन येतात. हळद-मिठाच्या गुळण्या, त्रिफळा क्वाथाचा गंडूष, यष्टिमधू, खदिरादि वटी, लघु आहार आणि विश्रांती एवढ्यावर त्यांतील बहुसंख्य रुग्ण आठवडाभरात बरे होतात. (त्यांतील पुष्कळसे यांपैकी काहीही न करता बरे झाले असते, हेही मान्य करावयास हवे.) परंतु या सहज मिळणाऱ्या यशामुळे आपली नजर सैल होते. घसा पाहिला, औषध लिहिले, पुढचा रुग्ण बोलावला, असा क्रम हाताला बसतो. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या उपद्रवाविषयी लिहीत आहोत तो हजारो रुग्णांत एखाद्यास होतो. अनेक वैद्यबंधूंना आयुष्यभरात तो दिसणारही नाही. तरीही त्यावर लिहिण्याचे कारण असे की, प्रतिजैविकांसंबंधी आपण सर्वजण ज्या दोन सवयींना बळी पडलो आहोत, त्या दोन्ही या एका व्याधीत उघड्या पडतात.

या उपद्रवास आधुनिक वैद्यकात लेमिएर सिंड्रोम असे म्हणतात. आंद्रे लेमिएर हे पॅरिसमधील नामवंत चिकित्सक व जिवाणुशास्त्रज्ञ. १९३६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी अशा २० रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८ रुग्ण दगावले होते. बहुतेक तरुण आणि त्यापूर्वी धडधाकट. आरंभ साध्या घसादुखीने किंवा गलग्रंथींच्या शोथाने, नंतर काही दिवसांनी एकाएकी थंडी वाजून तीव्र ज्वर, मानेच्या एका बाजूस वेदना व सूज, आणि त्यामागोमाग फुप्फुसे, सांधे किंवा यकृत यांत पूयसंचय, असा क्रम त्यांनी इतक्या नेमकेपणाने मांडला की केवळ लक्षणक्रमावरून निदान करता येईल असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा रुग्णांची वर्णने त्यांच्या पूर्वीही झाली होती, पण नाव लेमिएर यांचेच रूढ झाले. पुढे पेनिसिलिनचे युग आले, घसादुखीत ते सर्रास दिले जाऊ लागले आणि हा व्याधी इतका दुर्मीळ झाला की पाश्चात्त्य ग्रंथकार त्यास ‘विसरलेला रोग’ म्हणू लागले. १९९० नंतर मात्र ब्रिटन, डेन्मार्क आदी देशांतून त्याच्या नोंदी पुन्हा वाढू लागल्या.

याची संप्राप्ती थोडक्यात अशी. फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम नावाचा, प्राणवायूविना वाढणारा जिवाणू घशाच्या शोथाचा लाभ घेऊन गलग्रंथीच्या सभोवतालच्या खोल धातूंत शिरतो. तेथून काही बोटांच्या अंतरावर मानेतील मोठी नीला, म्हणजे अंतःस्थ ज्युगुलर व्हेन आहे. तिच्या भित्तीस शोथ होतो, आत रक्ताची गुठळी जमते आणि ती गुठळीच जिवाणूंचे वसतिस्थान बनते. रक्तप्रवाहाबरोबर तिचे कण सुटतात व प्रथम फुप्फुसात जाऊन रुततात. तेथे लहान-लहान विद्रधी तयार होतात. क्वचित स्टॅफिलोकोकस, आणि मधुमेही रुग्णांत क्लेब्सिएला हे जिवाणूही हेच चित्र निर्माण करतात.

येथे आमच्यातील काही अभ्यासू मंडळींचा हात लगेच सुश्रुतसंहितेकडे जाईल. निदानस्थानातील मुखरोगाध्यायात कंठाचे सतरा रोग सांगितले आहेत. रोहिणी, गिलायु, गलविद्रधि, शतघ्नी, गलौघ ही नावे आपणास पाठ आहेत. शारीरस्थानात मानेतील आठ सिरामातृका सद्यःप्राणहर मर्मांत गणलेल्या आहेत. हे सर्व जोडून ‘हा व्याधी आमच्याकडे आधीच सांगितला आहे’ असे सिद्ध करणे कठीण नाही. आमचे मत असे की, ही ओढाताण करू नये. ज्यांनी रक्तातील जिवाणू पाहिला नाही त्यांच्या माथी तो मारण्याने संहितेचा गौरव वाढत नाही. आचार्यांचे जे निरीक्षण निर्विवाद आहे ते पुरेसे मोलाचे आहे: कंठाचे काही रोग अत्यंत शीघ्रकारी असतात. चरकाचार्य सूत्रस्थानात रोहिणीच्या रुग्णाची आयुर्मर्यादा तीन रात्रींची सांगतात आणि त्याच ठिकाणी, कुशल वैद्याने त्वरेने उपाय केल्यास तो लवकर सुखी होतो, असेही सांगतात. दिवसांचा नव्हे तर रात्रींचा हिशेब ठेवण्याची ही दृष्टी आपण हरवून बसलो आहोत.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी आलेल्या एका रुग्णाचे वृत्त येथे देणे उपयुक्त ठरेल. वय १९, तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी, वसतिगृहात राहणारा, कोणताही पूर्वव्याधी नाही. घसा दुखू लागल्यावर वसतिगृहाजवळच्या एका चिकित्सालयातून त्याला अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या, तापाची गोळी आणि एक इंजेक्शन मिळाले होते. तिसऱ्या दिवशी घसा बराच उतरला. पाचव्या रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि सकाळी मानेची उजवी बाजू दुखू लागली. उशी चुकली, मान आखडली, असे समजून खोलीतील मित्रांनी तेल लावून चोळून दिली. सहाव्या दिवशी त्याचे मामा त्याला आमच्याकडे घेऊन आले. घसा पाहिला तर जवळजवळ स्वच्छ; उजवी गलग्रंथी किंचित मोठी, एवढेच. परंतु ताप १०३ अंशांच्या वर, नाडी १२६, श्वास मिनिटाला ३०, रक्तदाब उतरलेला. जबड्याच्या कोनापासून खाली, मानेच्या तिरप्या स्नायूच्या पुढच्या कडेने बोट फिरवताच तो कळवळला. दीर्घ श्वास घेताना छातीत टोचत होते.

मामा म्हणाले, “डॉक्टर, घसा तर बरा झालाय त्याचा. मान उतरवून द्या आणि अशक्तपणाला एखादं सलाईन लावा, म्हणजे उद्या कॉलेजला जाईल.”

आम्ही सांगितले, “मामा, हे मान आखडल्याचं दुखणं नाही. घशातला विकार रक्तात उतरल्याची शंका आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्या, चिठ्ठी लिहून देतो.”

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याच रात्री मानेचे व छातीचे सीटी स्कॅन झाले. उजव्या ज्युगुलर नीलेत गुठळी आणि दोन्ही फुप्फुसांत विखुरलेले विद्रधी दिसले. रक्ताच्या कल्चरमध्ये चौथ्या दिवशी फ्युसोबॅक्टेरियम वाढला. पण चिकित्सा त्याची वाट पाहत थांबलेली नव्हती. ती पहिल्या रात्रीच शिरेवाटे सुरू झाली होती.

या वृत्तात कोणा एका चिकित्सकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पहिल्या दिवशी तो घसा इतर शंभर घशांसारखाच दिसला असणार. प्रश्न औषधाच्या निवडीचा आणि नंतरच्या दिवसांचा आहे. अझिथ्रोमायसिन दिवसाला एक आणि तीन दिवसांत संपणारे, म्हणून रुग्णास सोयीचे आणि चिकित्सकास लोकप्रिय. २०१९ मधील भारतातील खाजगी क्षेत्राच्या औषधविक्रीचा जो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात देशात सर्वाधिक वापरले गेलेले प्रतिजैविक म्हणून अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळीच पहिल्या क्रमांकावर होती. जागतिक आरोग्य संघटनेने तिला जपून वापरावयाच्या, ‘वॉच’ गटातील औषधांत ठेवले आहे. आणि ज्या जिवाणूविषयी आपण बोलत आहोत, त्यावर अझिथ्रोमायसिन-एरिथ्रोमायसिनचा हा गट मुळीच भरवशाचा नाही. म्हणजे ‘पुढे काही होऊ नये म्हणून’ ज्या गोळ्या आपण देतो, त्या या उपद्रवाला अडवत नाहीत. उलट रुग्णास ‘अँटिबायोटिक झाले आहे’ असे समाधान मिळते आणि पाचव्या दिवसाच्या हुडहुडीकडे तो व त्याचे घरचे निराळ्या नजरेने पाहतात. सोबत स्टिरॉइडचे इंजेक्शन असेल तर वेदना आणि ज्वर दबून हे चित्र आणखी झाकले जाते. ही इंजेक्शने घसादुखीत किती सहज टोचली जातात ते आपण सर्वजण जाणतो.

या व्याधीची खरी चिकित्सा कोणती, हे निःसंदिग्धपणे लिहिणे आमचे कर्तव्य आहे. ती प्रतिजैविकांनीच होते, आणि रुग्णालयातच होते. हा जिवाणू बहुधा पेनिसिलिनला संवेदनशील असला तरी त्याच्या काही जाती पेनिसिलिनला निष्प्रभ करणारे बीटा-लॅक्टामेज हे द्रव्य निर्माण करतात. शिवाय त्याच्यासोबत स्ट्रेप्टोकोकस व अन्य जिवाणूही असू शकतात. म्हणून एकट्या पेनिसिलिनवर विसंबत नाहीत. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व मेट्रोनिडाझोल यांची जोडी, किंवा अँपिसिलिन-सल्बॅक्टम, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, अथवा अत्यवस्थ रुग्णात कार्बापेनेम गटातील औषध, अशी योजना केली जाते. मेट्रोनिडाझोल आपल्या ओळखीचे. खेडोपाडी त्याला जुलाबाची गोळी म्हणून ओळखतात. तीच या कंठव्याधीत प्राणरक्षक ठरते, हे पुष्कळांना ऐकून आश्चर्य वाटते. मात्र स्ट्रेप्टोकोकसवर ती चालत नसल्याने एकटीचा उपयोग नाही. औषधांच्या मात्रा आम्ही येथे मुद्दाम देत नाही, कारण ही चिकित्सा आपल्या चिकित्सालयात करावयाची नाही.

काल किती, हा भाग अधिक महत्त्वाचा. तीन दिवस नाही, सात दिवस नाही. साधारणतः तीन ते सहा आठवडे, आणि त्यांतील पहिले सुमारे दोन आठवडे शिरेवाटे. गुठळीच्या गाभ्यात रक्तप्रवाह नसतो, त्यामुळे औषध तेथे सावकाश पोचते, आणि औषध लवकर थांबवल्यास मागे राहिलेले जिवाणू पुन्हा डोके वर काढतात. फुप्फुसावरणात पू साठल्यास किंवा मानेत विद्रधी पिकल्यास तो शस्त्रकर्माने काढावा लागतो. तेथे केवळ औषध पुरत नाही. रक्त पातळ करणारी औषधे द्यावीत की नाही याबद्दल तज्ज्ञांत आजही एकमत नाही.

योग्य औषध चालू असतानाही ज्वर आठ-दहा दिवस हटत नाही, असे या व्याधीत नेहमी घडते. वर उल्लेखिलेल्या मुलाच्या बाबतीत आठव्या दिवशी मामांचा दूरध्वनी आला. “डॉक्टर, इथं रोज इंजेक्शनं चालू आहेत आणि ताप काही जात नाही. घरी आणून तुमचं औषध सुरू करू का? तुम्ही म्हणाल तसं करतो.” नातेवाइकांचा आपल्यावर जो विश्वास असतो त्याची खरी कसोटी अशा वेळी लागते. आम्ही त्यांना तेथून हलवू नका, असे स्पष्ट सांगितले आणि ज्वर उतरण्यास एवढे दिवस का लागतात तेही समजावले. अकराव्या दिवशी ज्वर उतरला. मुलाला सहा आठवडे औषध मिळाले. तो आज नोकरी करतो. ‘आणा, बघू’ असे दोन शब्द बोलणे त्या दिवशी सोपे होते, आणि आमच्या व्यवसायात ते दोन शब्द किती ठिकाणी बोलले जातात याची आम्हास कल्पना आहे.

आता त्या दोन सवयींविषयी. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात आम आणि पक्व शोथाचा विचार करताना, जो अज्ञानाने आम शोथास शस्त्र लावतो आणि जो पक्व शोथाची उपेक्षा करतो, त्या दोघांना एकाच पंक्तीत बसवले आहे. दोघेही त्यांच्या मते निश्चय न करता कर्म करणारे. शस्त्राच्या जागी प्रतिजैविक ठेवून पाहा. विषाणुजन्य, आपोआप बऱ्या होणाऱ्या प्रत्येक घशाला अँटिबायोटिक लिहिणारा पहिला, आणि हुडहुडी भरून मान सुजलेल्या रुग्णालाही ‘आमपाचन होऊ द्या, ज्वर आहे, लंघन करा’ म्हणून थांबवून ठेवणारा दुसरा. आपल्या संघटनेत या दोघांचे दोन तट आहेत आणि ते एकमेकांना नावे ठेवतात. पहिला दुसऱ्याला जुनाट म्हणतो, दुसरा पहिल्याला बाटलेला म्हणतो. आचार्यांच्या दृष्टीने मात्र ते सख्खे बंधू आहेत.

पहिल्या पक्षाचा युक्तिवाद असा की, घसादुखीतील प्रतिजैविके कमी केल्यामुळेच पाश्चात्त्य देशांत हा व्याधी परतला, तेव्हा सर्वांना देत राहणेच शहाणपणाचे. नोंदी वाढण्याचे ते एक कारण असू शकेल, अशी शंका तेथील अभ्यासकांनीही व्यक्त केली आहे. पण ती सिद्ध झालेली नाही. आकडे पाहू. डेन्मार्कमध्ये १९९८ ते २००१ या काळात देशभर जी नोंद ठेवली गेली, तीत लेमिएर सिंड्रोमचे प्रमाण वर्षाला दहा लाखांत ३.६ होते, १५ ते २४ या वयोगटात ते १४.४ होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ९ टक्के. म्हणजे व्याधी विरळ, पण ज्याला झाला त्याच्यासाठी भयंकर, आणि तो तरुणांचा. ब्रिटनमधील सामान्य चिकित्सकांच्या नोंदींवरून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, घसादुखीनंतरचा गलग्रंथीलगतचा विद्रधी, जो लेमिएरपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, तो एका रुग्णात टाळण्यासाठी चार हजारांहून अधिक रुग्णांना प्रतिजैविक द्यावे लागते. त्या हजारोंचे जुलाब, त्यांच्या अंगावर उठणारे पुरळ आणि गावभर पसरणारी जिवाणूंची प्रतिकारक्षमता यांचा हिशेब मग कोणी मांडायचा?

तरीही प्रतिजैविक द्यावे अशी घसादुखी असते, हे विसरता कामा नये. स्ट्रेप्टोकोकसजन्य घसादुखीनंतर येणारा आमवातिक ज्वर आणि त्यातून होणारे हृदयाच्या झडपांचे विकार हा आपल्या देशात आजही मोठा प्रश्न आहे. तेथे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस पुरे द्यावयाचे असते. तीन दिवसांनी बरे वाटले म्हणून थांबवायचे नसते. ताप आहे, खोकला नाही, गलग्रंथींवर पांढरा लेप आहे, जबड्याखालच्या ग्रंथी सुजून दुखत आहेत: १९८१ मध्ये रॉबर्ट सेंटर यांनी मांडलेल्या या चार खुणा निर्णयास साहाय्य करतात आणि त्या पाहण्यास डोळे व बोटे यांखेरीज काही लागत नाही. याच सेंटर यांनी पुढे तरुणांच्या घसादुखीत फ्युसोबॅक्टेरियमचाही विचार करावा असा आग्रह धरला. अमेरिकेतील अलाबामा येथे विद्यापीठाच्या चिकित्सालयात आलेल्या १५ ते ३० वयाच्या ३१२ घसादुखीच्या रुग्णांत त्यांना हा जिवाणू सुमारे २० टक्क्यांत, तर स्ट्रेप्टोकोकस सुमारे १० टक्क्यांत आढळला. हा अभ्यास २०१५ चा. काहीही तक्रार नसलेल्या तरुणांतही तो ९ टक्क्यांवर होता, म्हणून केवळ त्याच्या अस्तित्वावरून औषध सुरू करता येत नाही. आणि आपण ज्या प्रयोगशाळांत घशाचा नमुना पाठवतो तेथील नेहमीच्या कल्चरमध्ये हा प्राणवायूविना वाढणारा जिवाणू दिसतच नाही. ‘रिपोर्ट निल आहे’ या वाक्यावर विसंबून राहू नये ते याकरिता.

दुसऱ्या पक्षाविषयी लिहिताना आम्हास अधिक यातना होतात, कारण ती मंडळी बहुधा निष्ठावान असतात. शुद्ध आयुर्वेदाने चिकित्सा करण्याचा त्यांचा आग्रह आम्हास वंदनीय आहे. पण रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवणे हा शास्त्राचा पराभव, ही समजूत आली कोठून? चरकाचार्य गुल्मचिकित्सेत, गुल्म पक्व झाल्यावर तेथे धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यविदांचा अधिकार आहे, असे सरळ सांगून मोकळे होतात. कायचिकित्सेचा सर्वश्रेष्ठ आचार्य आपल्या ग्रंथात दुसऱ्याचा अधिकार मान्य करतो आणि त्यात त्यास उणेपणा वाटत नाही. ज्वरात लंघन, आमपाचन हे सिद्धांत आपल्या जागी अढळ आहेत. परंतु ज्याचा श्वास मिनिटाला ३० आहे आणि रक्तदाब उतरतो आहे, त्याच्या बाबतीत आमपाचनाची वाट पाहणे म्हणजे अवस्था न ओळखणे होय. अवस्थेनुसार चिकित्सा हाच तर आपला सिद्धांत.

अधिकाराचा विषय निघालाच आहे तर कायद्यासंबंधी दोन शब्द. महाराष्ट्रातील पदवीधर वैद्यांना आधुनिक औषधे वापरण्याची जी मुभा आहे ती १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमातील तरतुदी आणि १९९० च्या दशकातील शासकीय अधिसूचना यांवर आधारलेली आहे. १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा अधिकार राज्याच्या कायद्याने दिला असेल तेथेच आणि तेवढाच. या मुभेसाठी आपल्या संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली. ते योग्यच होते. जेथे दुसरा चिकित्सक नाही अशा शेकडो गावांत वैद्यच रात्री दार उघडतो. पण अधिकार मागताना जो उत्साह आपण दाखवला, तो त्या औषधांचा अभ्यास करताना दाखवला काय? प्रतिजैविकांविषयीचे बहुतेकांचे ज्ञान औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या माहितीपत्रकापाशी संपते. कोणते औषध कोणत्या जिवाणूवर चालत नाही हे त्या रंगीत पत्रकात छापलेले नसते.

मग आपण करावे काय? घसादुखीच्या प्रत्येक तरुण रुग्णास, औषध कोणतेही दिलेले असो, जाताना एक वाक्य सांगावे: घसा बरा वाटू लागल्यावर पुन्हा थंडी वाजून ताप आला, मानेची एकच बाजू दुखू-सुजू लागली, किंवा श्वास घेताना छातीत टोचले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, या. हे सांगण्यास अर्धा मिनिट लागतो. लक्षणांचा हा दुसरा उठाव बहुधा पहिल्या आठवड्यात येतो, क्वचित नंतरही. तोंड उघडता न येणे, लाळ गिळता न येणे, आवाज घोगरा-बसका होणे हीही गंभीर लक्षणे आहेत, आणि ती या व्याधीखेरीज घशातील इतर विद्रधींतही दिसतात. अशा रुग्णाच्या मानेस मर्दन अथवा स्वेदन मुळीच करू नये. रुग्णालयासाठी चिठ्ठी देताना केवळ ‘पुढील उपचारार्थ’ असे लिहिण्याऐवजी घसादुखी कोणत्या दिवशी सुरू झाली, हुडहुडी कोणत्या दिवशी भरली, मानेची कोणती बाजू, आणि आजवर कोणती प्रतिजैविके किती दिवस झाली, हे लिहावे. लेमिएरची शंका असल्यास तसे नाव घालून लिहावे. तेथील निवासी डॉक्टरच्या डोळ्यांसमोर ते नाव असले तर मानेचे स्कॅन एक-दोन दिवस आधी होऊ शकते.

रुग्ण घरी परतल्यावर वैद्याचे काम पुन्हा सुरू होते, आणि ते थोडे नाही. आठवडेच्या आठवडे प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णास अरुची, तोंडास धातूची चव, मळमळ, अग्निमांद्य असते. बल क्षीण झालेले असते. येथे पेया, विलेपी, मुद्गयूष या क्रमाने अग्नी वाढवीत नेणे आणि ज्वरमुक्तास बल येईपर्यंत व्यायाम व श्रम वर्ज्य करणे हा आचार्यांचा उपदेश आजही तंतोतंत उपयोगी आहे. मात्र रुग्णाचे मेट्रोनिडाझोल चालू आहे तोवर द्राक्षासव, दशमूलारिष्ट आदी आसवारिष्टे देऊ नयेत. त्यांत स्वयंजनित मद्यार्क असतो आणि या औषधासोबत मद्यार्क टाळावा अशी सूचना दिलेली असते. त्या सूचनेमागील पुराव्याविषयी अलीकडे शंका घेतली गेली आहे हे खरे, पण चूर्ण-क्वाथ उपलब्ध असताना धोका का पत्करावा? रुग्णास रक्त पातळ करणारे वॉरफॅरिनसारखे औषध असल्यास तर कोणताही नवा कल्प सुरू करण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. आणि रुग्णालयाने दिलेल्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून आपल्या सल्ल्याने मध्येच बंद झाल्या, असे कदापि होऊ नये.

संघटनेच्या कार्यकारिणीस आमची एक सूचना आहे. प्रतिवर्षी होणाऱ्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या शिबिरांत पंचकर्म, सौंदर्यप्रसाधन व नाडीपरीक्षा या विषयांस भरपूर वेळ दिला जातो. त्यांतील एक सत्र प्रतिजैविकांसाठी राखून ठेवावे, आणि ते घेण्यास कंपनीच्या खर्चाने येणारा वक्ता नव्हे, तर वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राचा अध्यापक बोलवावा. तसेच ज्या सभासदांनी घसादुखीनंतरचा असा उपद्रव पाहिला असेल त्यांनी रुग्णाचे नाव न देता, दिवसवार लक्षणे व दिलेली औषधे यांसह त्याचे टिपण या त्रैमासिकाकडे पाठवावे. प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंचे कल्चर करण्याची सोय आपल्या जिल्ह्यात कोठे आहे, हेही त्यासोबत अवश्य कळवावे. पुढील अंकात ती यादी छापता येईल.